प्राण्यांवरील मेंदू-आघाताच्या संशोधनासाठी कोणते उपकरण निवडावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्याने उभ्या राहणाऱ्या प्रयोगशाळेत रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) मेंदूला नियंत्रित इजा करून, त्यानंतर दिलेले एक औषध चेतापेशींना वाचवते का, हे आपल्याला पाहायचे आहे. निधी एकाच उपकरणापुरता आहे. फ्लुइड पर्कशन (द्रवाच्या दाबाचा आघात), कंट्रोल्ड कॉर्टिकल इम्पॅक्ट (दांडीचा नियंत्रित आघात) आणि वेट ड्रॉप (वजन टाकून आघात) यांपैकी काय घ्यावे, आणि ‘मध्यम’ तीव्रतेची इजा हवी असल्यास यंत्रावर कोणते आकडे ठेवावेत, असे आपण विचारले आहे.

आपण सांगितलेल्या उद्दिष्टासाठी मी विद्युतचुंबकीय कंट्रोल्ड कॉर्टिकल इम्पॅक्ट यंत्र सुचवेन, आणि त्याची कारणे पुढे देतो. आकड्यांच्या प्रश्नात मात्र एक गृहीत दडलेले आहे आणि या क्षेत्रातली बरीच मेहनत त्या गृहीतापायी वाया गेली आहे, असे माझे मत आहे. पडद्यावर दिसणारा वेग, खोली किंवा दाब ही आपण यंत्राला दिलेली आज्ञा असते. प्राण्याच्या मेंदूपर्यंत प्रत्यक्षात काय पोहोचले हे स्वतंत्रपणे मोजावे लागते, आणि इजेची तीव्रता त्या मोजमापावरून व प्राण्यात दिसणाऱ्या परिणामांवरून ठरते. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या शोधनिबंधातले आकडे आपल्या यंत्रावर जसेच्या तसे लावले, तर तीच इजा होईल याची कोणतीही हमी नसते.

माणसाच्या मेंदूला इजा दोन वाटांनी होते. एखादी वस्तू डोक्यावर आदळते, कवटी वाकते किंवा फुटते आणि त्याखालचा भाग चेंगरतो, ही एक वाट. डोके अचानक फिरते किंवा थांबते आणि कवटीच्या आत मऊ मेंदूची ऊती ताणली जाते, ही दुसरी. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून दाखवले की मेंदूची ऊती दाबाला फारशी बधत नाही, पण थर एकमेकांवरून सरकवणाऱ्या कातर-ताणापुढे टिकत नाही, आणि असा ताण मुख्यतः डोके फिरल्याने निर्माण होतो. वाहनांच्या अपघातांत अक्षतंतूंची (चेतापेशींच्या लांब तंतूंची) जी विखुरलेली इजा आढळते, तिचे मूळ येथे आहे.

नेमकी हीच इजा उंदरांत निर्माण करणे अवघड असते. समान ताण निर्माण होण्यासाठी लागणारे कोनीय त्वरण मेंदूच्या वस्तुमानाच्या दोन-तृतीयांश घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, असा नियम या क्षेत्रात वापरला जातो. माणसाचा मेंदू सुमारे १४०० ग्रॅमचा आणि रॅटचा सुमारे २ ग्रॅमचा धरला, तर रॅटला माणसाच्या जवळजवळ ८० पट कोनीय त्वरण द्यावे लागेल. माऊसच्या (लहान उंदराच्या) बाबतीत हा आकडा दोनशेच्याही पुढे जातो. शिवाय उंदरांच्या मेंदूला माणसाच्या मेंदूसारख्या वळ्या नसतात आणि त्यात पांढऱ्या द्रव्याचा (अक्षतंतूंनी बनलेल्या भागाचा) वाटा बराच कमी असतो. त्यामुळे फिरण्यातून होणाऱ्या इजेचा खोल अभ्यास मोठ्या आणि वळ्यांच्या मेंदूवर झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेनारेली आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये, डोके कशावरही न आदळवता, केवळ कोनीय त्वरण देऊन वानरवर्गीय प्राण्यांत दीर्घकाळची बेशुद्धी आणि अक्षतंतूंची व्यापक इजा घडवून दाखवली. त्या प्रयोगांत प्राण्यांना दिलेल्या वागणुकीवर गंभीर आक्षेप घेतले गेले आणि १९८५ मध्ये त्यांचा सरकारी निधी थांबवण्यात आला; पुढे हे काम डुकरांवर सुरू राहिले. आपण रॅट वापरणार आहात, तेव्हा ही मर्यादा पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. आपले यंत्र रस्त्यावरच्या अपघाताची हुबेहूब नक्कल करणार नाही; ते त्या इजेच्या साखळीतले काही दुवे निर्माण करील, आणि ते दुवे कोणते हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

आता फ्लुइड पर्कशन. रॅटसाठी ही पद्धत १९८७ मध्ये डिक्सन आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि १९८९ मध्ये मॅकिंटॉश यांच्या गटाने इजेची जागा मध्यरेषेवरून बाजूला नेली. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, तिच्या एका टोकाला दट्ट्या आणि दुसऱ्या टोकाला दाबमापक अशी तिची रचना असते. ठरलेल्या कोनातून सोडलेला लोलक दट्ट्यावर आदळतो आणि दाबाची लाट कवटीला पाडलेल्या, सुमारे ५ मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून अखंड ड्युरावर (मेंदूभोवतीच्या चिवट आवरणावर) पोहोचते. ही लाट साधारण २० मिलिसेकंद टिकते. सर्वसाधारणपणे १.५ वातावरण दाबापर्यंत सौम्य, तिथून सुमारे २.५ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र अशी विभागणी केली जाते, पण या सीमा प्रयोगशाळेगणिक सरकतात. बाजूच्या फ्लुइड पर्कशनचे मोठे बलस्थान असे की त्यात कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) स्थानिक जखम, हिप्पोकॅम्पसमधील (स्मृतीशी संबंधित खोल भागातील) पेशींचा ऱ्हास आणि पांढऱ्या द्रव्याची पसरलेली इजा एकत्र दिसते, आणि काही प्राण्यांत पुढे अपस्माराचे झटकेही येतात. स्मृती किंवा आघातानंतरचा अपस्मार हा आपला मुख्य विषय असता, तर मी हेच उपकरण सुचवले असते.

या पद्धतीत हातोटीला फार महत्त्व आहे. नळीत हवेचा लहानसा बुडबुडा राहिला तरी तो दाबाखाली आकुंचन पावतो आणि ऊर्जा गिळतो. ऑसिलोस्कोपवर एरवी एकच गुळगुळीत चढ आणि उतार असलेला वक्र दिसतो. बुडबुडा असला की शिखर खाली येते, वक्र रुंदावतो आणि त्यावर कंगोरे उमटतात. म्हणून पाणी आधी उकळून थंड केलेले किंवा निर्वातात ठेवून वायुमुक्त केलेले वापरावे, ते नळीत सावकाश भरावे, दट्ट्याची रबरी कडी नियमित तपासून वंगण लावावे, आणि प्राणी जोडण्यापूर्वी बंद टोकावर काही आघात देऊन वक्र एकसारखे येतात का ते पाहावे. कवटीवर चिकटवलेल्या जोडणीच्या बाबतीतही असेच असते. हाड पूर्ण कोरडे नसेल तर दंतवैद्यकातले ॲक्रिलिक नीट धरत नाही, आघाताच्या क्षणी कडेने द्रव निसटतो, आणि दाबमापक जोडणीच्या अलीकडे, नळीच्या टोकाला असल्याने आकडा मात्र ठीक दिसतो. जोडणीत भरलेल्या द्रावणाची पातळी आघातापूर्वी काही वेळ निरखणे, आणि आघातानंतर जोडणी काढताना ती हाडासकट घट्ट होती का, ड्युरा फाटली का, हे प्रत्येक प्राण्याच्या नोंदीत लिहिणे, यावाचून गत्यंतर नाही. छिद्राची जागा एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पसच्या इजेचा नकाशा बदलतो.

कंट्रोल्ड कॉर्टिकल इम्पॅक्ट ही पद्धत लाइटहॉल यांनी १९८८ मध्ये फेरेट या प्राण्यावर वापरली, १९९१ मध्ये ती रॅटवर आली आणि पुढे माऊसवर. हवेच्या दाबाने किंवा विद्युतचुंबकाने चालणारी कडक दांडी ठरलेल्या वेगाने उघड्या ड्युरावर आदळते, ठरलेल्या खोलीपर्यंत मेंदू दाबते, तिथे ठरलेला वेळ थांबते आणि मागे येते. रॅटसाठी टोकाचा व्यास सुमारे ५ ते ६ मिलिमीटर, वेग सेकंदाला ३ ते ६ मीटर, खोली साधारण दीड ते तीन मिलिमीटर आणि थांबण्याचा वेळ ५० ते २०० मिलिसेकंद अशी मूल्ये सामान्यतः वापरली जातात. वेग, खोली आणि वेळ एकमेकांपासून स्वतंत्रपणे बदलता येतात, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. फ्लुइड पर्कशनमध्ये लोलकाचा कोन बदलला की सगळेच एकत्र बदलते. मिळणारी जखम मुख्यतः स्थानिक असते आणि तिचे आकारमान काटेकोर मोजता येते. आपल्याला पेशी वाचतात का हे पाहायचे आहे, म्हणून ही निवड. नवख्या गटाच्या हातात हे यंत्र लवकर स्थिरावते, हाही विचार त्यात आहे.

या यंत्रावर सर्वांत जास्त काळजी शून्यबिंदू, म्हणजे टोक ड्युराला नेमके टेकते ती जागा, ठरवताना घ्यावी लागते, कारण खोली त्या बिंदूपासून मोजली जाते. २ मिलिमीटरच्या आज्ञेत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर खोलीत चतुर्थांशाचा फरक पडतो, आणि औषधाचा जो परिणाम आपण शोधत आहात तो एवढ्या फरकात सहज बुडून जातो. आधी डोके घट्ट धरणाऱ्या स्टिरिओटॅक्सिक चौकटीत डोके दोन्ही अक्षांत सपाट करावे, मग दांडी कॉर्टेक्सच्या उताराला लंब येईल इतकी तिरपी करावी. टोक सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू खाली आणताना ड्युरावर चमकणारा द्रवाचा पातळ थर फसवतो. टोक द्रवाला टेकताच कडेने तो वर ओढला जातो आणि स्पर्श झाल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात ड्युरा अजून थोडी खाली असते. म्हणून पृष्ठभाग आधी ओलसर कापसाने अलगद टिपून घ्यावा. काही यंत्रांत टोक आणि प्राण्याचे शरीर यांच्यात विद्युतमंडल पूर्ण झाले की आवाज येतो. हा संवेदकसुद्धा द्रवाला फसतो, तेव्हा डोळा आणि संवेदक दोन्ही वापरावेत. भूल खोल असेल, किंवा कवटी कापताना ऊती तापली असेल, तर मेंदू छिद्रातून फुगून वर येतो किंवा खाली बसतो आणि शून्यबिंदू दर प्राण्यागणिक हलतो. फुगवटा दिसला तर त्याची नोंद करावी, आणि असा प्राणी वगळायचा की नाही याचा नियम प्रयोग सुरू होण्यापूर्वी ठरलेला असावा.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांत दांडी ठरलेल्या खोलीच्या पुढे जाऊन परत येण्याचा धोका अधिक असतो. विद्युतचुंबकीय यंत्रांत हा दोष कमी आढळला आहे. तरीही यंत्र हाती आल्यावर उच्चगती कॅमेऱ्याने किंवा लेसर विस्थापनमापकाने दांडीची प्रत्यक्ष हालचाल एकदा नोंदवून घ्या आणि नंतर ठरावीक काळाने पुन्हा घ्या. दांडी सैल झाली की ती आघाताच्या वेळी बाजूला थरथरते आणि जखमेची कड ओबडधोबड होते. टोकाच्या आकाराकडेही लक्ष असू द्या. सपाट टोकाच्या काठाशी ताण एकवटतो, गोलाकार टोकात तो पसरतो, त्यामुळे बाकी सर्व आकडे सारखे असूनही पेशी मरण्याचा वेग वेगळा असू शकतो. शोधनिबंधांत हा तपशील अनेकदा नसतो, याची मला नेहमी खंत वाटते.

वेट ड्रॉप सर्वांत साधे आणि म्हणून मोहक. फीनी यांनी १९८१ मध्ये उघड्या ड्युरावर वजन टाकण्याची पद्धत मांडली. मार्मारू यांच्या १९९४ च्या पद्धतीत रॅटच्या कवटीवर १० मिलिमीटर व्यासाची पोलादी चकती चिकटवतात, प्राणी फोमच्या गादीवर ठेवतात, आणि ४५० ग्रॅमचे पितळी वजन नळीतून २ मीटरवरून सोडतात. चकती बल पसरवते, त्यामुळे हाड सहसा फुटत नाही, आणि डोके फोममध्ये खाली झेपावल्याने विखुरलेली इजा होते. घर्षण शून्य मानले तर आदळण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर येतो, पण नळी किंचित तिरकी असली किंवा वजन तिच्या भिंतीला घासले तर तो घटतो, म्हणून नळीच्या तळाशी प्रकाशकिरणाचे गतिमापक बसवणे योग्य. फोम वापराने मऊ पडतो आणि त्याचे गुणधर्म बदलतात. वजन उसळून दुसरा आघात होऊ शकतो, म्हणून पहिल्या आघाताबरोबर गादी तत्काळ बाजूला सरकवावी लागते. श्वसन थांबून प्राणी दगावण्याचे प्रमाणही तीव्र आघातात मोठे असते आणि कृत्रिम श्वसनाने ते घटते. औषधचाचणीसाठी मी हे पहिले उपकरण म्हणून निवडणार नाही, कारण प्राण्यागणिक फरक जास्त आणि त्यामुळे प्राण्यांची संख्याही जास्त लागते.

स्फोटाच्या इजेसाठी वापरली जाणारी शॉक ट्यूब हा स्वतंत्र विषय आहे आणि आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. खेळाडूंना होणाऱ्या सौम्य व वारंवार आघातांकडे आपण पुढे वळणार असाल, तर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली कायमेरा ही पद्धत पाहा. तिच्यात कवटी न उघडता डोक्यावर आघात होतो, डोके मुक्तपणे फिरू शकते आणि त्या गतीचे मोजमापही करता येते.

‘मध्यम’ तीव्रतेकडे परत येतो. आपल्या यंत्रावर, आपल्या शल्यक्रियेने, आपण निवडलेल्या वयाच्या व वाणाच्या प्राण्यांत आधी एक छोटी श्रेणी करा. आघाताच्या खोलीची तीन मूल्ये निवडा आणि बाकी सर्व स्थिर ठेवा. आघातानंतर श्वास किती वेळ थांबला, उताणा ठेवलेला प्राणी स्वतःहून पायांवर यायला किती वेळ लागला, पहिल्या आठवड्यात अरुंद पट्टीवरून चालताना पाय किती वेळा घसरला, पाण्याच्या चक्रव्यूहात लपलेला मंच शोधायला किती वेळ लागला, आणि शेवटी जखमेचे आकारमान व हिप्पोकॅम्पसमधील उरलेल्या पेशी किती, हे सर्व मोजा. ज्या खोलीवर दोष स्पष्ट दिसतो पण औषधाने सुधारणा व्हायला आणि बिघाड व्हायलाही वाव उरतो, ती आपली मध्यम इजा. कॉर्टेक्स पूर्ण नाहीसा होईल इतकी खोल इजा केली, तर वाचवण्याजोगे काही उरतच नाही आणि चांगले औषधही निरुपयोगी ठरते.

भुलीचा प्रश्न यातून वेगळा काढता येत नाही. आयसोफ्लुरेनला स्वतःचा संरक्षक परिणाम आहे, केटामाइन ग्लुटामेटचे (चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या रसायनाचे) एनएमडीए ग्राहक अडवते, आणि शरीराचे तापमान थोडे उतरले तरी मेंदूचे नुकसान कमी होते. म्हणून भुलीची मात्रा आणि कालावधी सर्व गटांत समान हवा, आणि गुदाशयातील तापमान ३७ अंशांच्या आसपास राखलेले व नोंदवलेले हवे. औषधामुळेच तापमान उतरत असेल, तर आपण औषधाची नव्हे, थंडाव्याची चाचणी करत असाल. शॅम गटाविषयीही (आघात न दिलेल्या, तुलनेसाठीच्या गटाविषयीही) स्पष्ट राहा. कवटीला छिद्र पाडताना होणारी उष्णता, कंप आणि रक्तस्राव यांनी मेंदूत दाह निर्माण होतो, हे दाखवले गेले आहे. त्यामुळे छिद्र पाडलेला पण आघात न दिलेला गट आणि शल्यक्रियाच न केलेला, केवळ भूल दिलेला गट, असे दोन्ही ठेवले तर छिद्राचा वाटा वेगळा काढता येतो. ड्रिल थांबून थांबून चालवावे आणि हाडावर थंड सलाइन सोडत राहावे.

वेदनाशमन, जखमेची निगा, पहिल्या दिवसांत मऊ अन्न व पाणी, आणि प्राण्याचे हाल थांबवण्यासाठी कोणत्या खुणेवर प्रयोग संपवायचा याचा लेखी नियम, या गोष्टी नैतिक समितीच्या अर्जापुरत्या नाहीत. वेदनेत असलेला, न खाणारा प्राणी चक्रव्यूहात नापास होतो आणि ती नोंद मेंदूच्या इजेच्या नावावर जाते. वेदनाशामकांपैकी काही दाह कमी करतात, म्हणून त्यांची निवड औषधाशी ताडून, पशुवैद्यकाशी बोलून करावी.

एकाच मॉडेलवरील (इजा घडवण्याच्या एकाच पद्धतीवरील) यशाने हुरळून न जाण्यास सबळ कारण आहे. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने उंदरांत अनेक प्रयोगांत फायदा दाखवला होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या मानवी चाचण्यांत, ज्यांपैकी एकीत ११९५ आणि दुसरीत ८८२ रुग्ण होते, तो फायदा दिसला नाही. त्यामागची कारणे अनेक आहेत, पण उंदरांना औषध किती लवकर मिळते आणि रुग्णाला किती उशिरा, हे त्यातले एक महत्त्वाचे कारण मानले जाते. म्हणून पहिल्या मात्रेची वेळ रुग्णालयात शक्य असेल अशी ठेवा. ऑपरेशन ब्रेन ट्रॉमा थेरपी या अमेरिकी प्रकल्पात तर प्रत्येक औषध फ्लुइड पर्कशन, कॉर्टिकल इम्पॅक्ट आणि भेदक इजा या तीन मॉडेलांत, तीन वेगळ्या केंद्रांत तपासले गेले. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत पहिल्या पाच औषधांपैकी लेव्हेटिरासिटॅम हे अपस्मारावरील औषध सर्वांत आश्वासक ठरले. बाकीच्यांचे परिणाम मॉडेलागणिक बदलत होते.

आपला निधी एकाच यंत्राचा आहे, तेव्हा दुसरे मॉडेल खरेदीऐवजी सहकार्यातून मिळवा. फ्लुइड पर्कशनमध्ये मुरलेला गट शोधून आजच बोलणी सुरू करा, आणि आपल्याकडे परिणाम दिसल्यास औषधाच्या सांकेतिक क्रमांकाच्या कुप्या त्यांच्याकडे पाठवा. कोणत्या कुपीत औषध आणि कोणत्यात केवळ द्रावक आहे हे शल्यक्रिया करणाऱ्यालाही आणि पेशी मोजणाऱ्यालाही ठाऊक नसावे, आणि संकेतांची यादी दोन्ही केंद्रांबाहेरील व्यक्तीकडे बंद ठेवावी. प्रत्येक प्राण्याच्या नोंदपत्रावर यंत्राची आज्ञा आणि प्रत्यक्ष मोजलेला वेग व खोली हे दोन वेगळे रकाने ठेवा.